रोग आणि आरोप

सकाळचें वर्तमानपत्र उघडावें आणि त्यांत एखादा नवा शोध आपली वाट पाहत बसलेला नसावा, असा दिवस अलीकडे क्वचितच उजाडतो. काल कॉफी हृदयाला हितकर ठरलेली असते. आज ती झोंपेची वैरीण ठरते. गेल्या महिन्यांत अंड्यांतील पिवळा बलक निर्दोष सुटलेला असतो. या महिन्यांत त्याच्यावर पुन्हां खटला उभा राहतो. आमच्या घरीं चहाच्या पहिल्या कपाबरोबर हे शोध मोठ्यानें वाचून दाखविण्याचा प्रघात आहे. आणि ज्यानें ते वाचले त्यानेंच दुसऱ्या कपाच्या वेळीं ते विसरावयाचे, असाही एक अलिखित नियम आहे. आम्ही स्वतः कांहीं शास्त्रज्ञ नव्हों. महाविद्यालयांत मुलांना इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमची हयात गेली. शास्त्राशीं आमचा संबंध वाचकाचा, आणि तोही चहाबरोबरच्या वाचकाचा.

परंतु एका बातमीनें आमचा हा नियम मोडला. ती २००५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांतली. त्या वर्षींचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या दोघां ऑस्ट्रेलियन वैद्यांना जाहीर झालें होतें. पोटांतील व्रण, म्हणजे ज्याला आपण घरोघरीं ‘अल्सर’ म्हणतों तो, बहुतेक वेळां एका जंतूमुळें होतो, हा त्यांचा शोध. बातमी अर्ध्या रकान्याची होती. आम्हीं ती एकदां वाचली, पुन्हां वाचली, आणि त्या सकाळीं ती कोणाला वाचून दाखविली नाहीं. आमचे वडील वारल्याला तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असूं. ते एका तालुक्याच्या गांवीं हायस्कुलांत गणित शिकवीत. माणूस सचोटीचा, बुद्धीनें तल्लख, आणि स्वभावानें अत्यंत तापट. फळ्यावरचें उदाहरण चुकलेलें त्यांना खपत नसे. मग तें विद्यार्थ्याचें असो कीं मुख्याध्यापकांचें. जेवणांत त्यांना लसणीचा ठेचा लागे, आणि तो आईच्याच हातचा, पाट्यावर वाटलेला लागे. चाळिशी उलटतां उलटतां त्यांचें पोट दुखूं लागलें. दुखणें रात्रीं दोनच्या सुमारास यावयाचें. मग ते स्वयंपाकघरांत जाऊन अंधारांतच डबा उघडीत, दोन बिस्किटें खात, वर कपभर दूध घेत, आणि पोट धरून भिंतीला टेकून बसून राहत. डब्याच्या झांकणाचा तो आवाज आम्हां भावंडांच्या झोंपेचा एक भागच होऊन गेला होता.

डॉक्टरांनीं अल्सरचें निदान केलें आणि त्याबरोबर कारणही सांगितलें. “मास्तर, हा तुमच्या रागाचा प्रसाद आहे. तिखट सोडा आणि चिडणं सोडा.” यांत त्या डॉक्टरांकडे कांहीं दोष जात नाहीं. त्या काळीं मोठमोठ्या वैद्यकीय ग्रंथांतही याहून निराळें कांहीं सांगितलेलें नव्हतें. ‘आम्ल नाहीं तेथें व्रण नाहीं’ हें सूत्र १९१० सालापासून वैद्यांच्या तोंडीं बसलेलें होतें. आणि आम्ल कशानें वाढतें, तर चिंतेनें, क्रोधानें आणि मसाल्यानें, हें त्याचें भाष्य सर्वमान्य होतें.

घरांत राज्य बदललें. ठेचा गेला, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, आमटीला पिवळ्या पाण्याची कळा आली. दर दोन तासांनीं दूध, आणि जेवणानंतर खडू कालविल्यासारखें एक पांढरें औषध. “जन्मभर खडू हातात धरला, आता पोटातही घ्या,” असें अण्णा आरंभीं विनोदानें म्हणत. पुढें पुढें तेंही म्हणेनासे झाले. तिखट सोडणें त्यांना जमलें. पण चिडणें सोडावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें त्यांना कळेना. अखेर त्यांनीं एक मार्ग काढला. ते बोलेनासेच झाले. वर्गांत उदाहरण चुकलें तर तें स्वतःच पुसून पुन्हां मांडून देत. त्यांचे जुने विद्यार्थी म्हणत कीं मास्तर निवळले. आम्हांला मात्र आतां वाटतें कीं ते निवळले नव्हते, विझले होते. १९८३ सालीं जिल्ह्याच्या गांवीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जठराचा कांहीं भाग काढून टाकण्यांत आला. त्यानंतरही दुखणें पुरतें गेलें नाहीं.

आमची आजी तेव्हां हयात होती. तिचें निदान निराळें होतें. “मागल्या जन्मी कुणाच्या तरी पोटावर पाय दिला असेल, ते भोगतोय माझा लेक,” असें ती म्हणे आणि शेकलेल्या कापडाची घडी त्यांच्या पोटावर ठेवी. आम्ही तिला हंसत असूं. आमचें शिक्षण चाललें होतें, कार्यकारणभाव म्हणजे काय तें आम्हांस ठाऊक झालें होतें, आणि पूर्वजन्मावर आमचा विश्वास उरला नव्हता. आम्ही डॉक्टरांच्या, म्हणजे शास्त्राच्या, पक्षाचे होतों. १९८४ च्या पावसाळ्यांत एके रात्रीं दुखणें फार वाढलें. घरांतले सगळे जागे झाले. तेव्हां चौदा वर्षांच्या आम्हीं अण्णांना एक वाक्य ऐकविलें. “अण्णा, हे सगळं तुम्हीच ओढवून घेतलंय.” त्यांनीं मान वर करून आमच्याकडे पाहिलें आणि “असेल,” एवढेंच म्हटलें. एरव्हीं असल्या उद्धटपणाबद्दल त्यांनीं आमच्या थोबाडींत दिली असती. त्या रात्रीं मात्र बरोबर सुटलेल्या उदाहरणाप्रमाणें त्यांनीं आमचें वाक्य मान्य केलें.

नोबेलची बातमी वाचल्यावर आम्हीं त्या शोधाचा इतिहास मिळेल तेथून वाचून काढला, आणि त्यांतली एक तारीख पाहून आम्ही थक्क झालों. तिच्याकडे यावयाचें तर प्रथम पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं गेलें पाहिजे. तेथील एका रुग्णालयांत रॉबिन वॉरन हे रुग्णांच्या जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत असत. १९७९ सालीं त्यांना त्या तुकड्यांवर वांकडे, मळसूत्रासारखे जंतु दिसले. जठरांतील आम्ल इतकें तीव्र कीं तेथें कोणताही जंतु टिकावयाचा नाहीं, अशी तेव्हांची ठाम समजूत होती. वॉरन यांना मात्र ते जंतु दिसत राहिले. आणि जेथें जंतु तेथें अस्तराला सूजही असे. १९८१ मध्यें बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. या जंतूंची वाढ प्रयोगशाळेंत करून दाखवावयाची असें दोघांनीं ठरविलें, पण कांचेच्या बशींत कांहींच उगवेना. बशा दोन दिवस ठेवून टाकून देण्याची पद्धत होती. १९८२ च्या एप्रिलांत ईस्टरची लांब सुटी आली, बशा तशाच राहिल्या, आणि सुटीहून परत येऊन पाहतात तों त्यांत जंतूंच्या वसाहती उगवलेल्या. जंतु मुळांतच सावकाश वाढणारा होता; त्याला कोणी पुरता वेळ दिलाच नव्हता. पुढें त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी असें नांव मिळालें.

हा जंतु आम्लांत राहतो कसा, हेंही मोठें मनोरंजक आहे. जठराच्या आंतल्या भिंतीवर चिकट श्लेष्माचा एक थर असतो. आपल्या पिळदार शेपटांच्या बळावर हा जंतु त्या थरांत शिरतो. आणि जठररसांतील युरिया फोडून त्याचा अमोनिया करतो. अमोनिया आम्लाला मारक असल्यामुळें जंतूच्या भोंवतीं निर्धोक अशी एक लहानशी जागा तयार होते. भर वणव्यांत स्वतःपुरती ओली जमीन करून राहावें, तसा हा प्रकार. तेथें तो वर्षानुवर्षें मुक्काम करतो. भिंत सुजते, दुबळी होते, आणि मग आम्ल तिला भोंक पाडूं शकतें. तेव्हां आम्लाचा संबंध आहेच; पण आम्लाला वाट करून देणारा निराळाच असतो.

मार्शल हें सांगूं लागले, पण त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडे निघाले. डुकराच्या पिलांना जंतु देऊन पाहिले, तर त्यांना कांहींच होईना. तेव्हां १९८४ च्या जुलै महिन्यांत, वयाच्या ३२ व्या वर्षीं, मार्शल यांनीं आपलें जठर निरोगी असल्याची आधीं तपासणी करून घेतली आणि जंतूंनीं भरलेला रस्सा स्वतःच पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ व ओकाऱ्या सुरूं झाल्या, श्वासाला दुर्गंधि येऊं लागली, आणि सुमारें दहा दिवसांनीं पुन्हां आंत पाहिलें तेव्हां जठराला सूज आलेली व तेथें जंतु ठाण मांडून बसलेले आढळले. त्यांना व्रण झाला नाहीं. पण निरोगी जठराला हा जंतु आजारी करूं शकतो, एवढें त्यांनीं स्वतःच्या देहावर सिद्ध केलें.

१९८४ चा जुलै. आम्हीं अण्णांना तें वाक्य ऐकविलें तो हाच पावसाळा.

शोध लागला म्हणजे तो लगेच घरोघरीं पोंचतो असें नाहीं. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें अशा व्रणांवर जंतुनाशक औषधें द्यावींत, अशी शिफारस केली ती १९९४ सालीं. म्हणजे अण्णा गेल्यावर तीन वर्षांनीं. आज या रोगावर दोन जंतुनाशकें व आम्ल कमी करणारें एक औषध एकत्र मिळून एक ते दोन आठवडे देतात, आणि बहुतेकांचा व्रण जातो तो पुन्हां येत नाहीं. जठर कापण्याचें कारण क्वचितच पडतें. हा जंतु जगांतील जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटांत असतो, बहुधा लहानपणींच घरच्या माणसांकडून येतो, आणि बहुतेकांना तो जन्मभर कांहींच त्रास देत नाहीं. कोणाला तो छळील हें त्या माणसाच्या चारित्र्यावरून ठरत नाहीं.

येथें न्यायासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णांच्या पोटांत हाच जंतु होता, हें आतां कोणाला सिद्ध करतां येणार नाहीं. कांहीं व्रण वेदनाशामक गोळ्यांमुळेंही होतात, आणि अण्णा डोकेदुखीवर अशा गोळ्या बऱ्याच घेत असत. मनावरच्या ताणाचा व्रणाशीं अगदींच संबंध नाहीं, असेंही शास्त्रज्ञ म्हणत नाहींत. पण जंतु असो कीं गोळी असो, मुख्य आरोपी म्हणून ज्याला आम्हीं पिंजऱ्यांत उभें केलें होतें तो अण्णांचा स्वभाव नव्हता, इतकें म्हणावयास आतां जागा आहे. आणि ठेचा तर नव्हताच.

त्या दिवसापासून वर्तमानपत्रांतील शोधांकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. शोधामुळें औषध मिळतें हें सर्वांनाच दिसतें. परंतु औषधाच्याही आधीं शोध आणखी एक काम करतो, तें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो रोग्याला आरोपांतून सोडवितो. माणूस आजारी पडला म्हणजे दुखणें एकटें येत नाहीं. ‘हें तुझ्यामुळें झालें’ असें म्हणणारा कोणी तरी त्याच्याबरोबर येतोच. आमची आजी त्याला पाप म्हणत असे. आम्ही त्याला स्वभाव म्हणूं लागलों. आजकाल त्याला जीवनशैली म्हणतात. शब्द बदलत गेले, आणि प्रत्येक नव्या शब्दाबरोबर आपण शहाणे झालों असें आम्हांस वाटत गेलें. वाक्य मात्र तेंच राहिलें. किंबहुना आजीचा आरोप आमच्याहून सौम्य होता असेंच म्हटलें पाहिजे. तिनें दोष दिला तो मागल्या जन्मींच्या एका अनोळखी माणसाला. समोरच्या लेकाला तिनें शेक दिला. आम्हीं दोष समोरच्या माणसालाच दिला, आणि शेक मात्र दिला नाहीं.

या प्रकाराचीं उदाहरणें पाहूं लागलें तर ती यादी मोठी होते. आपल्याकडे ज्याला महारोग म्हणत त्या कुष्ठरोगाचा जंतु नॉर्वेंतील बर्गेन येथें आर्माउर हान्सेन यांना १८७३ सालीं दिसला. तोपर्यंत युरोपांतील अनेक वैद्य त्याला आनुवंशिक समजत; आपण त्याला पापाचें फळ समजत होतों. १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्यावर अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला आणि रोग पुरता बरा होऊं लागला. तरीही आपल्या देशांत कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कायदेशीर कारण होतें, तें कायद्यांतून काढून टाकलें गेलें २०१९ सालीं. जंतु सांपडल्यापासून कायदा सुधारेपर्यंत १४६ वर्षें! वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनीं उभें केलेलें आनंदवन पाहून आपण त्यांच्या सेवेचें कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. पण बऱ्या झालेल्या माणसांनाही राहावयास निराळें गांव लागावें, कारण त्यांच्या स्वतःच्या गांवानें त्यांना परत घेतलें नाहीं, हा त्या गांवाच्या पायाखालचा दगड आपण पाहत नाहीं.

मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावण्याची चाल तर आमच्या पिढीपर्यंत उघड होती. १९०५ सालीं अमेरिकेंत नेटी स्टीव्हन्स या विदुषीनें पिठांत होणाऱ्या किड्याच्या पेशी तपासून दाखविलें कीं मादीच्या पेशींत वीस मोठीं गुणसूत्रें असतात, नराच्या पेशींत एकोणीस मोठीं व एक लहान. अपत्य नर होणार कीं मादी, हें नराकडून येणाऱ्या बीजावर ठरतें. त्याच वर्षीं एडमंड विल्सन यांनींही स्वतंत्रपणें असाच निष्कर्ष काढला. माणसांतही हाच न्याय आहे. आईकडून येणारें गुणसूत्र नेहमीं एकाच प्रकारचें असतें. फरक पडतो तो बापाकडून. सून निर्दोष ठरून आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. पण तो निकाल सासूच्या माजघरांत वाचून दाखविण्याची तसदी कोणी घेतली? उलट गर्भांतच मुलगी ओळखण्याचें यंत्र आलें तें मात्र चटकन् घरोघर माहीत झालें, आणि त्याला आवर घालणारा कायदा महाराष्ट्राला १९८८ सालीं, देशांत प्रथम, करावा लागला.

सुशिक्षितांनीं यावर हंसण्याचें कारण नाहीं. सुशिक्षितांचे आरोप अधिक सुशिक्षित असतात, इतकेंच. ज्याला आपण स्वमग्नता म्हणतों त्या अवस्थेचें वर्णन लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं केलें. त्यानंतर कित्येक वर्षें अमेरिकेंतील मोठमोठे मानसतज्ज्ञ सांगत राहिले कीं आईच्या मायेंत ओलावा नसतो म्हणून मूल असें होतें. अशा आयांना ‘शीतकपाटासारख्या आया’ असें नांवही पडलें होतें. रात्रंदिवस त्या मुलासाठीं झिजणाऱ्या बाईला, तूंच याचें कारण आहेस, असें पदवीधर माणसांनीं सांगावें! बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ मध्यें ग्रंथ लिहून या मताचा समाचार घेतला. आणि १९७७ सालीं जुळ्या मुलांच्या अभ्यासावरून त्या अवस्थेंत जन्मजात घटकांचा वांटा किती मोठा आहे तें दिसून आलें. तोपर्यंत किती आया तें वाक्य उराशीं घेऊन गेल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

इतकें सगळें वाचल्यावर, कळल्यावर, आम्ही तरी सुधारलों असूं असें वाचकांना वाटेल. दुर्दैवानें तसें नाहीं. आमची एक पुतणी आहे. लहानपणापासून अंगानें स्थूल. ती जेवावयास आली कीं तिच्या ताटाकडे पाहण्याची आम्हां सर्वांना संवय होती. “एवढा भात?” असें कोणी म्हणावयाचें, कोणी हंसावयाचें, आणि तिनें वाटी बाजूला सारावयाची. आम्हीं तिला चालण्याचे फायदे सांगितले, मनोनिग्रहावर एकदां चांगलें अर्धा तास व्याख्यान दिलें. दोन वर्षांमागें ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं आठवड्यांतून एकदां एक इंजेक्शन घेऊं लागली. आम्हीं थट्टेनें विचारलें, “आता सुईनं मनोनिग्रह टोचून घेणार का?” ती हंसली नाहीं. म्हणाली, “काका, तुम्ही पानावरून उठता तेव्हा तुमचं जेवण संपतं. माझं कधी संपतच नव्हतं. हात धुतले तरी डोक्यात जेवण चालूच असायचं. हे सुरू केल्यावर पहिल्यांदा कळलं, की बाकीच्यांना आत इतकं शांत असतं.”

त्या इंजेक्शनाचा इतिहासही आम्हीं मग वाचला. जेवण पोटांत गेलें कीं आंतड्यांतून एक संप्रेरक रक्तांत येतें आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देतें. पण तें कांहीं मिनिटांतच नष्ट होतें. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतील वाळवंटांत हिला मॉन्स्टर नांवाचा एक विषारी सरडा आहे. त्याच्या लाळेंत याच संप्रेरकासारखा, पण पुष्कळ अधिक वेळ टिकणारा पदार्थ असल्याचें जॉन एंग यांनीं १९९२ सालीं दाखविलें. त्यावरून मधुमेहाचें एक औषध निघालें, तें वापरास आलें २००५ सालीं. पुढें मानवी संप्रेरकांतच फेरफार करून आठवडाभर टिकेल असें औषध तयार झालें. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेंत १९६१ स्थूल माणसांपैकीं कांहींना हें औषध व कांहींना निव्वळ पोकळ इंजेक्शन दिलें. पथ्य व व्यायाम दोहोंनाही सांगितला होता. ६८ आठवड्यांनीं औषध घेणाऱ्यांचें वजन सरासरी १४.९ टक्क्यांनीं घटलें, इतरांचें २.४ टक्क्यांनीं. वजनासाठीं वापरावयाचीं अशीं इंजेक्शनें २०२५ पासून भारतांतही विक्रीस आलीं आहेत. तीं सर्वांनीं घ्यावींत असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तीं महाग आहेत, त्यांनीं मळमळ व ओकाऱ्या होतात, आणि बंद केलीं कीं गेलेलें वजन बरेंचसें परत येतें.

परंतु त्या परीक्षेंतील दोन आंकड्यांनीं आमच्या व्याख्यानाचें उत्तर दिलें. उपदेश दोहोंनाही सारखाच होता. आणि १९८६ सालींच डेन्मार्कमध्यें दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास होऊन असें आढळलें होतें कीं त्यांची अंगलट जन्मदात्या आईबापांशीं जुळते. ज्यांच्या स्वयंपाकघरांत तीं माणसें वाढलीं त्यांच्याशीं नाहीं. भूक सर्वांना सारखीच लागते, आणि कांहीं ती आवरतात व कांहीं आवरीत नाहींत, असें आम्ही धरून चाललों होतों. मुळांत भूकच सारखी नसते, ही शक्यता आमच्या ध्यानींमनीं नव्हती. वीस वर्षें पुतणीच्या ताटाकडे पाहणारा माणूस आणि १९८४ च्या पावसाळ्यांत अण्णांसमोर उभा राहिलेला मुलगा, हे दोघे एकच होते. मधल्या काळांत त्यानें फक्त बरेंचसें वाचन केलें होतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. असें म्हणत गेलें तर माणसाच्या हातीं कांहींच उरत नाहीं. मग कोणी कशाला संयम पाळील? आमचें म्हणणें तसें नाहीं. धूम्रपानानें फुप्फुसाचा कर्करोग होतो असें रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५० सालीं दाखविलें. तें खरेंच आहे, आणि तें वारंवार सांगितलें पाहिजे. पण कारण सांगणें निराळें आणि दोष देणें निराळें. कारण सांगणारा पुढें काय करतां येईल तें पाहतो. दोष देणारा मागें वळून पाहतो, आणि त्या पाहण्यांत आपण स्वतः निरोगी असल्याचें समाधान त्याला मिळत असतें. अण्णांना आम्हीं जें सांगितलें त्यानें त्यांचें दुखणें तिळभरही कमी होणार नव्हतें. तें वाक्य त्यांच्यासाठीं नव्हतेंच. तें आमच्या भीतीसाठीं होतें. वडिलांचें दुखणें त्यांच्या रागामुळें असेल, तर जो रागावत नाहीं त्याला तें होणार नाहीं, असा तो हिशेब होता.

आजही अशीं कितीएक दुखणीं आहेत कीं ज्यांचें कारण अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. तापांतून उठून महिनोन् महिने थकव्यानें पडून राहणारा तरुण ‘आळशी’ ठरतो. पाळीच्या वेदनांनीं लोळणारी मुलगी ‘नाजुक’ ठरते. ज्याच्या पाठीच्या चित्रांत कांहीं दिसत नाहीं त्याची पाठ दुखतच नाहीं असें धरलें जातें. यांपैकीं कोणाच्या निर्दोषत्वाचा दाखला पुढल्या कोणत्या सालीं, कोणत्या शहरांतून येईल, तें सांगतां येत नाहीं. शास्त्राला त्याचा वेळ लागतो. कधीं एखादी बशी दोन दिवसांऐवजीं पांच दिवस ठेवावी लागते. पण तोंवर निकाल राखून ठेवणें, हें काम शास्त्रज्ञांचें नाहीं. तें आमचें तुमचें आहे.

शेवटीं त्या २००५ सालच्या बातमीकडे परत येतों. सकाळीं ती आम्हीं कोणाला वाचून दाखविली नाहीं. संध्याकाळीं मात्र आईला सांगितली. ती तांदूळ निवडीत बसली होती. आमचा समज असा कीं तिला त्यांतलें फारसें कळणार नाहीं. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे ठेच्यानं नव्हतं ते?” आम्ही म्हटलें, “नव्हतं.” ताटांतले तिचे हात थांबले. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्या हातच्या तिखटानंच त्यांच्या पोटाला भोक पडलं.”

आमच्या त्या खटल्यांत आणखी एक आरोपी होता, हें आम्हांस त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतें. तिच्यावर कोणी कधीं आरोप केला नव्हता. तिनें तो आमच्याच बोलण्यांतून उचलून मुकाट्यानें स्वतःकडे ठेवला होता.

पुढच्या वर्षीं पितृपंधरवड्यांत अण्णांच्या तिथीला आईनें पाटा धुऊन घेतला. पितरांच्या पानांत लसूण चालत नाहीं, असें आत्यानें दोनदां सांगून पाहिलें. आईनें तिचें ऐकलें नाहीं.